तुझा आरसा मी पाहिला होता

प्रिय बाई,

आज अकरावा दिवस आहे. वीज नाही, फोन नाही, रेडिओ लावला तर नुसती खरखर.

पहिले दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे लाइट गेली तर कोण घाबरतं? तिसऱ्या दिवशी फोनही गेले. पाचव्या दिवशी आपल्या गल्लीतला रामराव सायकलवर अकोल्याहून परत आला. म्हणाला, तिथंही हेच आहे. पेट्रोल पंपांना दोऱ्या बांधल्यात, दुकानांची शटरं गुडघ्याएवढी उघडी, माणसं हापशीवर रांगा लावून उभी. अमरावतीहून आलेला एक ट्रकवाला त्याला भेटला होता, तो म्हणाला तिकडंही तेच. का झालं, कुठवर झालं, कधी सुरू होईल, कुणाला माहीत नाही. सांगणारं कुणी उरलंच नाही, की सांगायचं साधन उरलं नाही, तेही कळत नाही.

मला भीती वाटते, बाई. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं असं लिहू नये, पण थोरल्या बहिणीला लिहायला काय हरकत आहे? लहानपणी विहिरीत डोकावताना तुझाच पदर धरून उभा राहायचो ना मी.

तुझं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. पातूरहून गुरुजी येऊ शकणार नाहीत, ते घरचं घरी करू. पण लिहायचं कारण ते नाही. तुझी लेक मीना आता तुझ्याच शेतातल्या घरात राहते. सातवा महिना आहे तिला, सोबत चार वर्षांची चिऊ. जावई कामासाठी अमरावतीला गेले ते तिकडंच अडकले. मधे नदी, ओलांडायला फक्त तो बंधारा, आणि पाणी रोज वर-खाली होतं. तिच्या आणि माझ्या मधे आता फक्त माझ्या खुणा आहेत. त्याच खुणा, ज्या मी तुला शिकवल्या होत्या.

आणि त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो होतो.

तू मला नेहमी विचारायचीस, हे खूळ आलं कुठून? मी नववी नापास. मोटार वायंडिंग मला कुणी शिकवलं नाही. जळलेली मोटार उलगडत गेलो, तारेचा एकेक वेढा मोजत गेलो, तसं शिकलो. वेढे चुकले की मोटार तापते आणि पुन्हा जळते. त्यामुळे मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. तालुक्याच्या लायब्ररीतली विज्ञानाची पुस्तकं मी दोन-दोनदा वाचली. वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात बसली: हे सगळं एका तारेवर लटकलेलं आहे. तार तुटली तर शेजारी राहणाऱ्या माणसालाही हाक मारता येणार नाही.

माझ्या स्लॅबपासून तुझ्या ओट्यापर्यंतचं अंतर अकराशे चाळीस मीटर. ते मी दोरी आणि काटकोन वापरून काढलं होतं. नंतर तलाठ्याच्या नकाशाशी ताडून पाहिलं तर तेरा मीटरचा फरक आला. अजूनही मला वाटतं, नकाशा चुकीचा आहे.

आठवतं का, तुझ्या ओट्यावर बसून मी एकेक उपाय तुला समजावून सांगत होतो आणि तू शेंगा फोडत होतीस? थाळी वाजवून चालणार नाही, कारण तुझं घर पूर्वेला, माझं पश्चिमेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तो तुझा आवाज उलटा घेऊन जातो. ओला कुटार-भुसा पेटवून केलेला धूर चालतो, पण ढग खाली आले की धूर जमिनीला चिकटतो. बांबूवर लुगडं बांधून उपयोग नाही, कारण रोही आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून सगळ्या शिवारात शेताभोवती जुन्या साड्याच बांधलेल्या. त्यात तुझी एक कोण ओळखणार?

"मंग मी मेली तं तुले सांगाव कसं?" तू विचारलंस.

"आरशानं."

मी तुला हातभर आरसा दिला, मागच्या पाऱ्याला मधोमध खरवडून वाटाण्याएवढं भोक केलेला. त्यातून माझा स्लॅब पाहायचा, म्हणजे उजेड नेमका माझ्यावर पडतो. दुपारनंतर सूर्य माझ्या बाजूला असतो, तेव्हा तुझी वेळ. सकाळी तो तुझ्या बाजूला, तेव्हा माझी. तीन चमका, दहा आकडे थांबायचं, पुन्हा तीन. म्हणजे 'ये'. दोन म्हणजे 'ठीक आहे'. बाकी काहीही म्हणजे काही नाही.

"बाकी काहीही म्हंजे काही नाई," तू माझी नक्कल केलीस. "गजू, तू बायकोले बी असंच बोलतं का रे? तीनदा हाक मारली तं ओ देतं, दोनदा मारली तं नाई?"

आतून तुझी भावजय म्हणाली, "तीनदा मारली तरी देत नाहीत."

तुम्ही दोघी हसलात. मला राग आला होता, खरं सांगतो. मी म्हटलं, तुझ्या मक्यावर पोपटांसाठी बांधलेली ती चमकी पट्टी काढून टाक, वाऱ्यानं ती दिवसभर चमकते, घोळ होईल. तू म्हणालीस, "मंग मका पोपटाइले चारू का?" नाही काढलीस. काढली असतीस तर? नाही, हे मी लिहायला नको. तू मका राखलास, त्यात तुझं काय चुकलं?

मागच्या वर्षीच्या पुरात चार दिवस फोन आणि लाइट गेली तेव्हा मनातून मी थोडा खूषच होतो. आता कळेल लोकांना, असं वाटत होतं. रोज दुपारी घड्याळ आणि वही घेऊन स्लॅबवर जात होतो. दोन दिवस सूर्यच निघाला नाही. तिसऱ्या दिवशी पावणेचारला ढग फाटले, आणि तुझ्या घराकडून चमकलं.

एकदा. मग दोनदा. मग बराच वेळ काही नाही. मग चार-पाच पाठोपाठ. मग एक लांब, पुसट.

तुझी भावजय शेजारी उभी होती. "बाईच्या इकडून चमकून राहिलं," ती म्हणाली.

"पट्टी आहे ती. तीन नाहीत."

"तरी जाऊन पाहता का?"

"बंधाऱ्यावर पाणी कमरेच्या वर आहे. तीन आले की जाईन."

साडेचारला ढग परत आले. तोवर मी पाहत होतो. पाऊण तास. वहीत लिहिलं: 'बाईच्या शेतात पट्टी चमकते. अनियमित.' ती वही माझ्यासमोर आहे. अक्षर फार चांगलं आलं आहे त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मांडीपर्यंत उतरलं तेव्हा मी बंधाऱ्यावरून आलो. तू ओट्यावर पडलेली होतीस. ओट्याची पायरी उतरताना पाय घसरून खुबा मोडला होता, तोही पुराच्या दुसऱ्या दिवशी. हातांनी सरकत तू आरशापर्यंत गेली होतीस, आणि पागोळीखाली वाटी धरून पाणी पीत होतीस. आरसा तुझ्या पोटावर होता.

सहा जणांनी तुला खाटेवर घालून नदीपार नेलं, मग जीपनं अकोल्याला. तिथं तू नऊ दिवस होतीस. कुणी मला दोष दिला नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "किती वेळ तशाच पडून होत्या?" मी तास मोजून सांगितले. बरोबर सांगितले.

चौथ्या की पाचव्या दिवशी तू जरा शुद्धीवर होतीस. म्हणालीस, "गजू, आरसा दिसला नाई का रे तुले?"

मी म्हणालो, "ढग होते, बाई."

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "मले वाटलं मीच चुकली. ते तीन-तीन जमतच नोतं मले. हात हालत जाये."

मी नुसता तुझा हात धरून बसलो. तुझं चुकलं नव्हतं हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तू गेलीस ती स्वतःलाच चुकीची समजून. मी तुझ्या दहाव्याला रडलो तेव्हा सगळे म्हणाले, भावाची माया पाहा. माया होती, पण रडू मायेचं नव्हतं.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, असं वाटायचं. फोन सुरू झाले होते, आरसा कुणाला लागणार होता?

आणि मग हे अकरा दिवस.

सहाव्या दिवशी नदीकाठच्या शेतांत राहणारी माणसं माझ्या दारात आली. सगळे घाबरलेले. "गजाननभाऊ, त्या तुमच्या खुणा शिकवा." कधी नव्हे ते मला लोक भाऊ म्हणून बोलावत होते. शाळेच्या ओसरीत मी त्यांना बसवलं. आरसे घासून भोकं करून दिली, उन्हाची वेळ समजावली, खडूनं फरशीवर कोन काढले. मी बोलत होतो आणि मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. भीती होती, पण तिच्यावर पाय देऊन उभा असल्यासारखं वाटत होतं. सगळ्यांनी शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात म्हटलं: तीन म्हणजे ये.

मीना शेवटी बसली होती, चिऊला मांडीवर घेऊन. तिनं विचारलं, "मामा, अन् तीन नाई जमले तं?"

बाई, हातातला खडू मला जड झाला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी काय म्हणालो माहीत आहे? "सराव केला की जमतात."

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गुडघ्याला होतं, मी पलीकडे गेलो. आधीही दोनदा तिला म्हटलं होतं, चिऊला घेऊन आमच्याकडे ये. दोन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं होतं: "ते अमरावतीवरून पायी निघाले असतीन तं पयले इथं येतीन. घराले कुलूप दिसलं तं कुठं जातीन?" या वेळी तो विषय काढला नाही. ती ओट्यावर तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावणेचार, साडेचार, पट्टी, वही, आणि दवाखान्यात तुला जे बोललो ते.

तिचा हात थांबला नाही. खडे निवडत राहिली.

"म्हंजे तुमी पायलं होतं."

"हो."

"अन् आईले सांगतलं ढग होते."

"हो."

ती सूप घेऊन आत गेली. मी अंगणात उभा. किती वेळ, ते या वेळी मी मोजलं नाही. वाटलं, आता दार लावून घेईल, आणि तिचं बरोबरच असेल. मग तिच्यावर वेळ आली की तिच्या आरशावर तिचा भरवसा राहणार नाही, आणि माझ्यावर तर नाहीच. तुझी लेक आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघं माझ्या एका खोट्यापायी एकटी पडतील. एवढी भीती मला तुझा ओटा चढतानाही वाटली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज तुझाच.

"बसा खाली. उभे काहून आहे?" मी बसलो. "आई म्हणत जाये, गजू मोजल्याशिवाय पाणी बी पीत नाई. मले तुमचे तीन नको मामा. पडलेल्या माणसाले आरसा धराले सांगून रायले तुमी. ज्याले धरता येते त्याले कायची गरज?"

तिनं वर छपराकडं पाहिलं.

"मी उलटं करतो. बाबाचं पांढरं धोतर आहे पेटीत. रोज सकाळी सात वाजता बांबूले बांधून कवेलूच्या वर लावीन. लावलं म्हंजे मी हातीपायी नीट आहो. नाई लावलं तं या. मले काही कराव लागू नये, असं पायजे. मी पडली, भोवळ आली, दिवस भरायच्या आधी कळा आल्या, तं मले आरसा सुचणार आहे का?"

तीस वर्षं मी याचा विचार करतोय, बाई. पुस्तकं वाचली, अंतरं मोजली, कोन काढले. अडचणीची खूण, संकटाची खूण, मदतीची खूण. ठीक असल्याची खूण रोज द्यायची आणि ती आली नाही की निघायचं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. जो पडला आहे त्याच्याकडूनच मी काम करून घेत होतो.

मला राहवलं नाही म्हणून एक दुरुस्ती सांगितली: संध्याकाळी धोतर उतरवायचंच. रात्रभर वर राहिलेलं कापड सकाळी काहीच सांगत नाही, ते माणसानं लावलं की तसंच राहिलं, कसं कळणार?

"हे बरोबर बोलले," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं मला दिलेलं तेवढंच.

उरलेल्या शेतांतही आता हेच चालतं. सकाळी सात वाजता स्लॅबवर उभं राहिलं की नदीकाठानं पाच पांढरी कापडं वर चढताना दिसतात. मी माझं सहावं लावतो. पूर्वी गावातले लोक सकाळी उठून फोन पाहायचे. आता शेजाऱ्याचं छप्पर पाहतात.

परवा सकाळी चारच चढली.

सात वाजून दोन मिनिटं. पाच. मीनाचा बांबू रिकामा. तुझी भावजय म्हणाली, "उठायला उशीर झाला असेल पोरीला." मी जिना उतरूनही गेलो होतो. ट्रकची हवा भरलेली ट्यूब काखेत घेतली, दोरी कमरेला, आणि बंधाऱ्यावर उतरलो. पाणी छातीपर्यंत होतं, गढूळ, खाली दगड दिसत नव्हता. मधोमध माझा पाय सुटला. ट्यूब छातीशी घट्ट धरली म्हणून वाचलो. सगळा वेळ मला ओट्यावर पडलेलं कुणीतरी दिसत होतं, आणि ते कधी मीना असायचं, कधी तू.

ओट्यापाशी पोचलो तर मीना उभी, एका हातात वासराचं दावं, दुसऱ्या हातात चिंध्या.

"मामा? एवढ्या पाण्यात काहून आले?"

"धोतर..." मी रिकाम्या बांबूकडं बोट केलं.

"हे धोतर पाहा ना. वासरानं चावलं. रातभर दोरीवर वाळत होतं, सकाळी पाहतो तं अर्धं याच्या पोटात." ती हसायला लागली. "मी पांढरं काही धुंडूनच रायली होती. उशीची खोळ सापडली, आता लावतच होती."

मी ओट्यावर बसलो. कपड्यांतून पाणी गळत होतं. चिऊ माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामाआजोबा पडले पाण्यात," आणि वासराला जाऊन सांगितलं.

मीनानं खोळ बांबूला बांधली, वर लावली. मग दूध-गुळाच्या चहाचं आधण ठेवलं. कप हातात देताना तिनं हळूच विचारलं, "किती वाट पायली मामा?"

"पाच मिनिटं."

"मोजलं तुमी?"

"घड्याळ हातातच होतं."

"मंग उद्यापासून घड्याळ घरी ठेवा," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. तुझ्या लेकीनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. पण तिनं मला बोलावलं तर मी येईन, एवढा भरवसा तिला आला आहे. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नाही.

आज पाणी आणखी वाढलं आहे. पातूरच्या डोंगराकडं काळंभोर आहे. जावई आले नाहीत. वीज येईल की नाही कुणास ठाऊक. रामराव म्हणतो, कायमचंच गेलं. मी त्याला गप्प केलं, पण माझेही हात थरथरतात. तुझे कसे थरथरले असतील, ते आता थोडं कळतं.

तुला आता खरं सांगतो, बाई, उशिरा सांगतो. ढग नव्हते. ऊन स्वच्छ होतं. तुझा आरसा मला चांगला दिसत होता. तू चुकली नव्हतीस. पाऊण तास तू बरोबर हाक मारत होतीस आणि मी ती मोजत बसलो होतो.

माफी मागत नाही, ती देणार कोण? एक वचन देतो. ज्या सकाळी मीनाच्या छपरावर पांढरं दिसणार नाही, त्या सकाळी मी निघेन. वासरानं खाल्लं असेल, ती विसरली असेल, वाऱ्यानं पडलं असेल, काही असो. शंभरदा फुकट जाईन. नव्व्याण्णव वेळा ती मला हसली तरी जाईन. आणि कापड वर असतानाही तिच्या घराकडून काही चमकलं, तर ते एकदा चमकलं की चारदा, पट्टी होती की आरसा, हे मी तिच्या ओट्यावर बसून तिला विचारेन.

नदीच्या अलीकडून, तुझा धाकटा,
गजू